तीन मिनिटांच्या तबकडीतले बालगंधर्व

बालगंधर्वांचे गाणे रंगभूमीवर प्रत्यक्ष ऐकलेला श्रोता आता जवळजवळ उरलेला नाही. नंतरच्या पिढ्यांना ते भेटले ते तबकडीतून. आधी लाखेच्या काळ्या तबकडीतून, पुढे कॅसेटमधून आणि मग सीडी-डीव्हीडीमधून. एकेकाळी निजामाच्या राज्यात असलेल्या धाराशिव जिल्ह्यातल्यासारख्या ज्या गावांत नाटक कंपन्यांचा मुक्काम क्वचितच पडे, तेथे तर फोनोची तबकडी हेच बालगंधर्वांचे एकमेव दर्शन होते. आज अशा घरांतील कपाटात नाट्यसंगीताच्या सीडी पडून असतात. त्यांच्या वेष्टनांवर ‘डिजिटली रीमास्टर्ड’, ‘२४ बिट’, ‘५.१’ अशी भारदस्त अक्षरे छापलेली दिसतात. या अक्षरांमुळे मूळ गळा कितपत जवळ येतो, हे पाहायचे तर त्या गळ्याच्या चरित्राकडेच वळावे लागते.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. सांगली जिल्ह्यातील नागठाणे हे त्यांच्या घराण्याचे गाव. लहानपणी त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना बालगंधर्व म्हटले आणि तेच नाव पुढे रूढ झाले. या मुलाला कानाचा विकार होता आणि ऐकू कमी येत असे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी उपचारासाठी त्याला मिरजेला धाडले आणि तेथेच किर्लोस्कर नाटक मंडळीशी त्याची गाठ पडली. महाराष्ट्राला सुराची गोडी लावणाऱ्या गायकाच्या आयुष्याला वळण मिळाले ते कानाच्या दुखण्यामुळे, हा योग विलक्षणच म्हणायचा.

१९०५ च्या सुमारास ते किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले आणि शाकुंतलातील शकुंतलेच्या भूमिकेत प्रेक्षकांसमोर उभे राहिले. १२ मार्च १९११ रोजी खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी त्यांची मुलगी वारली. प्रयोग रद्द न करता त्यांनी भामिनीची भूमिका पार पाडली. १९१३ मध्ये गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या. १९१९ मध्ये ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले, तेव्हा गडकऱ्यांचे निधन होऊन महिनाही लोटला नव्हता. उंची शालू आणि दागिन्यांत वावरणारा हा नट सिंधूच्या भूमिकेत ठिगळांच्या लुगड्यात उभा राहिला आणि प्रेक्षक ढसाढसा रडले. अत्तराचा घमघमाट, मखमली पडदे, साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष, असा कंपनीचा थाट होता. त्या थाटाने कंपनी कर्जातही बुडाली.

या नाटकांची एक खासियत अशी, की प्रयोग कधी संपेल हे घड्याळ सांगू शकत नसे. एकेका पदाला चार-चार वेळा ‘वन्स मोअर’ मिळे आणि प्रत्येक वेळी तेच पद निराळ्या जागा घेऊन येई. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चाले. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर मात्र जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. अर्धा तास रंगणारे पद तेवढ्यात बसवायचे, म्हणजे ते गाणे नव्याने बेतणेच होते. आलाप कापला जाई, तान आखूड होई आणि लय किंचित चढे. पुढे १९८२ मध्ये आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर ७४ मिनिटे मावू लागली. पण त्या जागेचा उपयोग बालगंधर्वांची वीस-बावीस पदे ओळीने मांडण्यापुरताच होता. एका पदाचा अर्धा तास तिने परत आणला नाही, कारण तो कधी मुद्रितच झाला नव्हता. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत केशवराव भोसले यांच्यासह झालेल्या संयुक्त मानापमानाची तीच गत आहे. त्या रात्रीच्या केवळ आठवणीच शिल्लक आहेत.

त्या काळचे ध्वनिमुद्रण कसे होई, ते समजले की वेष्टनावरच्या आकड्यांचा उलगडा होऊ लागतो. १९२५ पर्यंत मायक्रोफोन नव्हता. गायक एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी बसून गाई. कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाचा पडदा थरथरे आणि सुई मेणावर खाचा कोरी. या पद्धतीत ढोबळमानाने सेकंदाला २०० ते ३००० कंपनांच्या आतलाच आवाज उमटत असे. तुळजापूरच्या गोंधळात संबळ ऐकलेल्यास हे चटकन कळेल. संबळाच्या जोडीतले एक वाद्य खर्जात बोलते, दुसरे चढ्या आवाजात. कर्ण्याने त्यातले खर्जाचे वाद्य जवळजवळ मुकेच केले असते. थिरकवांच्या डग्ग्याचा घुमारा अशा यंत्रात कुठून सापडणार? १९२५ नंतर विद्युत पद्धती आली आणि काही वर्षांत ती भारतातही रुळली. आवाजाचा पट्टा वरखाली रुंदावला. म्हणून बालगंधर्वांची सीडी हाती आली, की प्रथम पाहावे ते मूळ मुद्रणाचे साल. बिटांचा आकडा नंतर.

आता सीडीचे गणित. आवाजाची लहर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायची आणि प्रत्येक मोजमाप आकड्यात लिहून ठेवायचे, ही सीडीची रीत. या मोजण्याला सॅम्पलिंग म्हणतात. जितक्या वेळा मोजू, त्याच्या निम्म्या कंपनांपर्यंतचा आवाज नोंदता येतो. म्हणजे सीडी सुमारे २२ हजार कंपनांपर्यंत पोहोचते. प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहिले जाते. त्यात आवाजाच्या लहानमोठेपणाच्या ६५,५३६ पायऱ्या मावतात आणि हा आवाका ९६ डेसिबल भरतो. लाखेच्या तबकडीचा आवाका याच्या निम्माही नसे. तिच्या खरखरीखाली हळू आवाज बुडून जाई. तेव्हा १६ बिटांतच जे सारे सुखेनैव मावते, त्यासाठी २४ बिटांची जाहिरात म्हणजे पावशेर दुधाला घागर आणण्यासारखे आहे. स्टुडिओत दुरुस्ती करताना तो आकडा कामी येतो, हे खरे. घरी ऐकताना त्याने काही फरक पडत नाही.

‘५.१’ चे तर विचारूच नये. पाच दिशांचे पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक निराळा, असा त्याचा अर्थ. चित्रपटासाठी ती योजना उत्तम. बालगंधर्वांचा आवाज मात्र एकाच सुईने एकाच खाचेत कोरलेला. तो पाच दिशांत वाटायचा, तर कृत्रिम घुमारा मिसळावा लागतो आणि गायक विहिरीतून गात असल्याचा भास होतो. प्लेअरवर मोनोची सोय असेल तर जुन्या पदांसाठी तीच वापरावी.

एमपीथ्रीच्या तबकडीवर दहा-बारा तासांचे गाणे बसते, याचे अप्रूप एकेकाळी फार होते. सीडीवर सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट माहिती असते; १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीत तिचा अकरावा हिस्सा उरतो. कानाला जे ऐकू येणार नाही असे वाटते, ते ही पद्धत गाळते. पण जुन्या तबकडीत खरखर सतत चालू असते. ती टिकवण्यातच बरीचशी जागा खर्ची पडते आणि गळ्याच्या वाट्याला कमी येते. खरखर आधीच घासून काढावी, तर विद्युत मुद्रणातील ‘स’, ‘श’ आणि श्वासाची हलकी फुंकरही तिच्याबरोबर जाते. बालगंधर्वांचे निम्मे सामर्थ्य शब्द उच्चारण्यात होते, हे येथे ध्यानात घ्यावे. थोडी खरखर राहिलेली सीडी घासून गुळगुळीत केलेल्या सीडीपेक्षा पुष्कळदा अधिक खरी असते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सर्वांत मोठी गफलत मात्र वेष्टनावर कोठेच छापलेली नसते. ती म्हणजे वेग. ७८ फेऱ्यांच्या म्हटल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या अनेक तबकड्या प्रत्यक्षात ७४ किंवा ८० फेऱ्यांवर कोरलेल्या असत. ७४ वर कोरलेली तबकडी ७८ वर लावून सीडी काढली, तर काळी एकमध्ये गायलेले पद पांढरी दोनच्या आसपास जाते, आवाज बारीक होतो आणि तान पळते. एकदा असे झाले की बिटांचा कोणताही आकडा ते सावरू शकत नाही. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतांच्या डोक्यांवर आघात केले आणि कोणते मडके कच्चे ते सांगितले, ही कथा जिल्ह्यात लहान मुलांनाही ठाऊक आहे. सीडीची परीक्षाही अशीच कानाने करावी लागते. एकच पद दोन वेगळ्या संचांत मिळाले, तर दोन्ही पेटीच्या एकाच पट्टीशी लावून पाहावे.

१९३४ च्या सुमारास गंधर्व मंडळीचे दिवस फिरले आणि बालगंधर्व प्रभातच्या बोलपटाकडे वळले. १९३५ मध्ये व्ही. शांताराम यांच्या ‘धर्मात्मा’त त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. चित्रपटाचे मूळ नाव ‘महात्मा’. सेन्सॉरच्या आक्षेपामुळे ते बदलावे लागले. समोर प्रेक्षक नाही, दाद नाही, तुकड्यातुकड्यांत अभिनय, हे त्यांना मानवले नाही. प्रभातशी संबंध तेवढ्यावरच थांबला. १९३७ मध्ये बाबूराव पेंटरांच्या ‘साध्वी मीराबाई’त ते पुन्हा स्त्रीवेषात आले, पण कॅमेऱ्याला स्त्रीभूमिकेतील पुरुष झाकता येईना. योगायोग असा, की त्याच सुमारास ॲलेक रीव्हज हा इंग्रज अभियंता पॅरिसमध्ये आवाजाचे आकड्यांत रूपांतर करण्याची कल्पना मांडत होता. सीडीचे मूळ तिथे आहे.

अशा जुन्या बोलपटाची तबकडी घरी लावताना दोन गोष्टी पाहाव्यात. व्हीसीडीवरील चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे, तर डीव्हीडीवरील ७२० गुणिले ५७६ चे. म्हणजे डीव्हीडीत चौपट तपशील. पण चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो आणि आपल्याकडील पाल पद्धत २५ चौकटींची. चित्रपट तसाच चढवला तर तो चार टक्के वेगाने धावतो, दोन तासांचा खेळ पाच मिनिटे आधी संपतो आणि सूर अर्ध्या पट्टीहून अधिक चढतो. दुसरे, जुने चित्र चारास तीन या प्रमाणाचे. रुंद टीव्हीवर ते ताणले की एकनाथांचा चेहरा फुगतो. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात.

बालगंधर्वांची अखेरची वर्षे ओढग्रस्तीत गेली. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ मध्ये पद्मभूषण हे सन्मान मिळाले. १९६२ मध्ये पुण्यात त्यांच्याच नावाच्या रंगमंदिराची कोनशिला त्यांनी स्वहस्ते बसवली. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. रंगमंदिराचे उद्घाटन पुढील वर्षी त्यांच्या जन्मदिनी झाले. ते त्यांना पाहता आले नाही. २०११ मध्ये रवी जाधव यांच्या ‘बालगंधर्व’ चित्रपटात सुबोध भावे यांनी त्यांची भूमिका केली. आनंद भाटे यांनी त्यांची पदे नव्याने गायली आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. या नव्या मुद्रणात डग्गा घुमतो, श्वास ऐकू येतो आणि तीन मिनिटांची अटही नाही. नारायणरावांच्या गळ्याला मात्र आजही कर्ण्यातूनच ऐकावे लागते.