बिघाडाची नोंद ठेवणारी ॲडमिरल : ग्रेस हॉपर

‘बग’ हा शब्द आपल्या हॉस्टेलवर दिवसातून किती वेळा उच्चारला जातो हे मोजायचं तर त्यासाठी एक वेगळा डेटाबेसच तयार करावा लागेल! प्रोग्रॅम चालला नाही की बग, प्रिंटर अडकला की बग, मेसच्या आमटीत काही सापडलं तर तोही बगच. पण या शब्दाशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं, त्या बाईंची ओळख आपल्यापैकी फार थोड्यांना असते. त्या म्हणजे अमेरिकन नौदलातल्या रिअर ॲडमिरल ग्रेस हॉपर.

९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचा जन्म झाला. सात वर्षांच्या असताना गजराचं घड्याळ आतून कसं चालतं हे बघायला त्यांनी ते उघडलं. पुन्हा जोडता येईना, म्हणून दुसरं उघडून बघितलं. असं करत घरातली सात घड्याळं खिळखिळी झाली! आईने मात्र सरसकट बंदी घातली नाही. यापुढे एकाच घड्याळावर प्रयोग करायचे, एवढीच अट घातली. पुढे व्हासार कॉलेजातून १९२८ साली पदवी आणि येल विद्यापीठातून १९३४ साली गणितातली पीएच.डी. त्यांनी मिळवली; १९३१ पासूनच त्या व्हासारमध्ये गणित शिकवत होत्या.

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि प्राध्यापकबाईंनी नौदलात जायचं ठरवलं. वय सदतिशीच्या घरात, आणि वजन नियमापेक्षा १५ पौंड कमी. खास परवानगी काढून त्या १९४३ मध्ये भरती झाल्याच. १९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्डमध्ये, हॉवर्ड एकन यांच्या हाताखाली ‘मार्क १’ या यंत्रावर झाली. हे यंत्र ५१ फूट लांब, ८ फूट उंच आणि जवळपास ५ टन वजनाचं! ते कसं चालवायचं हे सांगणारं पाचशेहून जास्त पानांचं मॅन्युअल १९४६ साली प्रसिद्ध झालं, त्याचं बरंचसं लेखन हॉपरबाईंनी केलं.

आता त्या प्रसिद्ध किड्याकडे येऊ. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या ‘मार्क २’ यंत्राची उत्तरं चुकायला लागली. या यंत्रात हजारो रिले होते. रिले म्हणजे विद्युतचुंबकाने उघड-बंद होणारा स्विच. शोधता शोधता दुपारी पावणेचारला ‘एफ’ पॅनेलवरच्या ७० नंबरच्या रिलेमध्ये अडकलेला एक पतंग सापडला. ऑपरेटरांनी तो बाहेर काढला आणि चक्क चिकटपट्टीने लॉगबुकात चिकटवला. ते पान आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. आपल्याकडे सर्रास सांगतात की तो किडा हॉपरबाईंनी पकडला आणि ‘बग’ हा शब्दही तेव्हाच जन्मला. दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. किडा ऑपरेटरांना सापडला, आणि बिघाडाला बग म्हणायची पद्धत तर एडिसनच्या काळापासूनची, म्हणजे १८७० च्या दशकातली. हॉपरबाईंनी ही हकीगत आयुष्यभर रंगवून सांगितली, म्हणून ती त्यांच्या नावावर जमा झाली.

पण मला विचाराल तर किड्यापेक्षा ती वही जास्त महत्त्वाची. कोणत्या वेळी, कोणत्या पॅनेलवर, कितव्या रिलेमध्ये, काय सापडलं. चार गोष्टी, एक ओळ. अख्खं यंत्र उघडून पुन्हा जोडायची गरजच पडली नाही.

१९४९ मध्ये हॉपरबाई एकर्ट-मॉकली कंपनीत गेल्या. तिथे युनिव्हॅक हा संगणक तयार होत होता. त्या काळी प्रोग्रॅम लिहिणारे लोक वर्गमूळ, साइन वगैरे काढण्याचे तयार तुकडे एकमेकांच्या वह्यांतून हाताने उतरवून घेत, आणि प्रत्येक वेळी त्यांतले पत्ते नव्याने बेरीज करून बदलत. उतरवताना चुका, बेरजेत चुका! बाईंनी विचार केला, की नक्कल आणि बेरीज ही तर यंत्राचीच कामं. त्यांनी सगळे तुकडे टेपवर ठेवले, प्रत्येकाला एक नंबर दिला, आणि १९५२ मध्ये ‘ए-०’ नावाचा प्रोग्रॅम तयार केला. आपण फक्त नंबर सांगायचा; यंत्र टेपवरून तो तुकडा शोधून आणणार आणि जागेवर जोडणार. त्याला त्यांनी कंपायलर म्हटलं. आजच्या भाषेत त्याचं काम लिंकर-लोडरच्या जवळ जातं.

आपल्या सिंधुदुर्गातल्या मंडळींना ही कल्पना पटकन कळेल. धामापूरच्या तळ्याची आख्यायिका सगळ्यांनी ऐकलीय. लग्नकार्य निघालं की फुलांचे दागिने करून परडी तळ्यात सोडायची. भगवतीच्या कृपेने तसेच सोन्याचे दागिने वर यायचे. कार्य झालं की ते परत करायचे. पुढे एकाने दागिने परत केले नाहीत आणि तेव्हापासून कुणालाच मिळेनासे झाले. कॉम्प्युटरमधल्या सामायिक डीएलएल फायलींचं अगदी असंच असतं! दहा सॉफ्टवेअर एकच घटक मागून घेऊन वापरतात. त्यातलं एक काढून टाकताना तो घटकही सोबत पुसला गेला, किंवा त्यावर जुनी आवृत्ती चढली, की उरलेल्या नऊ जणांची परडी रिकामी.

डेटाबेसचा प्रोजेक्ट करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. ॲक्सेसची फाईल उघडली की घटक सापडत नाही, नाहीतर प्रोव्हायडर रजिस्टर नाही, असा निरोप येतो. लगेच कुणीतरी विंडोज नव्याने टाकायचा सल्ला देतो. म्हणजे एका रिलेसाठी ५ टनांचं यंत्र खोलायचं! त्याआधी तीन गोष्टी बघाव्यात. व्हीबीए एडिटरच्या टूल्स मेनूत रेफरन्सेसची यादी असते. त्यात एखाद्या नावाआधी ‘मिसिंग’ लिहिलेलं असेल तर दोषी तोच. गंमत म्हणजे एक रेफरन्स तुटला तरी तारीख काढणारं साधं फंक्शनही चालेनासं होतं, आणि आपण बसतो त्या बिचाऱ्या फंक्शनला शिव्या देत. दुसरं, घटक डिस्कवर असूनही रजिस्टर झालेला नसेल तर रेगएसव्हीआर३२ ही कमांड बहुतेक वेळा काम करते. तिसरं, ३२ बिट आणि ६४ बिट यांचा मेळ. ६४ बिट प्रोग्रॅमला ३२ बिट डीएलएल आपल्यात ओढून घेता येत नाही. जुना जेट प्रोव्हायडर तर फक्त ३२ बिटमध्येच आहे. अशा वेळी फाईल खराब झालेली नसते, जोडी चुकलेली असते.

आणि ‘माझ्या मशीनवर चालतं, लॅबमध्ये चालत नाही’ हे जे आपलं कायमचं गाऱ्हाणं, ते तर हॉपरबाईंनी थेट सरकारी पातळीवर सोडवलं. इंग्रजी शब्दांत सूचना देता येणारी त्यांची फ्लो-मॅटिक ही भाषा १९५९ मध्ये सुरू झालेल्या कोबोलचा मुख्य पाया ठरली. पगार, बँका, विमा यांच्या नोंदी ठेवायला कोबोल जगभर गेली. १९९० च्या दशकाच्या शेवटी वायटूकेच्या कामासाठी मुंबई-पुण्याच्या कितीतरी मराठी इंजिनिअरांनी तीच भाषा शिकून घेतली होती. पण प्रत्येक कंपनीच्या कंपायलरची कोबोल थोडी निराळी निघायची. नौदलाने हॉपरबाईंना १९६६ च्या अखेरीस निवृत्त केलं आणि १९६७ मध्ये, फक्त सहा महिन्यांसाठी म्हणून, परत बोलावलं. ते सहा महिने जवळजवळ १९ वर्षं चालले! या काळात त्यांच्या गटाने कंपायलर तपासणारे चाचणी प्रोग्रॅम बनवले. कंपायलर प्रमाण भाषा पाळतो की नाही याचं उत्तर विक्रेत्याच्या शब्दावर सोडायचं नाही, चाचणी लावून बघायचं.

१४ ऑगस्ट १९८६ रोजी, ७९ व्या वर्षी, त्या रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. तरीही घरी बसल्या नाहीत; डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या सल्लागार झाल्या. व्याख्यानांना जाताना जवळपास ३० सेंटिमीटरचे तारेचे तुकडे नेऊन वाटत असत. वीज एका नॅनोसेकंदात जास्तीत जास्त किती लांब जाऊ शकते, ते हातात धरून बघता यावं म्हणून. त्यांच्या ऑफिसातलं घड्याळ उलटं फिरायचं. पूर्वापार चालत आलं म्हणून तसंच करायचं, या सवयीला दिलेला तो टोला होता.

१ जानेवारी १९९२ रोजी त्यांचं निधन झालं. १९९७ मध्ये अमेरिकन नौदलात त्यांच्या नावाची युद्धनौका दाखल झाली. योगायोग बघा, तिचाही क्रमांक ७०! २०१६ मध्ये त्यांना मरणोत्तर ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ देण्यात आलं.

युद्धनौका काही आपल्या नशिबात नाही, मंडळी. पण दहा रुपयांची वही आहे. पुढच्या वेळी एरर आला की ओके दाबून घालवायच्या आधी त्याचा नंबर, वेळ, मशीन आणि शेवटी सापडलेलं कारण एवढं लिहून ठेवा. पुढच्या वर्षीच्या ज्युनिअर बॅचला ती वही द्या. सीनिअरने दिलेल्या रेडीमेड प्रोजेक्टपेक्षा ती नक्कीच जास्त उपयोगी पडेल!