वालचंद हिराचंद : उद्याच्या मालवाहतुकीचा वेध घेणारा उद्योजक

सोलापुरात १८८२ मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांचा हिशेब साधा होता : भारताचा परदेशी व्यापार वाढणार, पण जहाजे परक्यांची असतील तर मालाचे भाडेही तेच ठरवणार. म्हणून १९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी आदींसह त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभारली. ५ एप्रिलला ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला निघाले. ब्रिटिश कंपन्यांनी भाडे पाडून कोंडी केली. सिंदियाला अनेक वर्षे किनारी वाहतुकीवरच भागवावे लागले. तरी वालचंद हटले नाहीत. १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी झाली. तिथले ‘जलउषा’ १९४८ मध्ये पाण्यात उतरले. १९५३ मध्ये त्यांचे निधन झाले. ‘लॉयल्टी’च्या प्रस्थानाचा दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.