मलिक अंबर

मुलांनो, 'पेशवा' हा शब्द ऐकला की तुम्हांला पुण्याचा शनिवारवाडा आठवत असेल. पण हा शब्द मुळात फारसी आहे. पुण्यातील पेशव्यांच्या शंभराहून अधिक वर्षे आधी अहमदनगरच्या निजामशाहीत पेशवे होते. त्यांपैकीच एकाची ही हकिकत आहे. लहानपणी तो गुलाम म्हणून बाजारात विकला गेला होता.

त्याचा जन्म १५४८ च्या सुमारास आफ्रिकेतील इथिओपिया या देशात झाला. तेथील लोकांना आपल्याकडे हबशी म्हणत. त्याचे लहानपणीचे नाव चापू. आईवडिलांपासून तो कसा दुरावला असेल, याची कल्पनाच करा. व्यापाऱ्यांनी त्याला तांबडा समुद्र ओलांडून मोखा बंदरात नेले. तेथे त्याची किंमत ८० गिल्डर ठरली, असे पुढे त्याला भेटलेल्या एका डच व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे. मोख्याहून तो बगदादला गेला. तेथील मालकाने त्याला शिकवले आणि अंबर हे नाव दिले. पुन्हा विक्री झाली आणि अंबर दख्खनमध्ये आला.

येथे मात्र त्याचे नशीब थोडे उघडले. त्याला विकत घेणारा चंगीजखान हा निजामशाहीचा पेशवा होता, आणि तोही एकेकाळी गुलामच होता. दख्खनच्या दरबारात हबशी माणूस मोठ्या पदाला चढू शकतो, हे अंबरने आपल्या मालकाकडे पाहूनच ओळखले असेल. राज्यकारभार आणि लढाई तो येथेच शिकला. चंगीजखानाच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने अंबरला मुक्त केले. मग काही वर्षे अंबर विजापूरकरांकडे चाकरीला होता. 'मलिक' हा किताब त्याला तेथेच मिळाला.

तो अहमदनगरला परतला तेव्हा त्याच्याजवळ दीडशेच्या आसपास स्वार होते. ते दिवस फार वाईट होते. उत्तरेतून मोगल फौजा आल्या होत्या. चांदबिबीने किल्ला शौर्याने लढवला, पण दरबारात फूट होती. १६०० मध्ये चांदबिबी मारली गेली, अहमदनगरचा किल्ला पडला आणि बालसुलतान कैद होऊन ग्वाल्हेरला गेला. आता निजामशाही संपली, असेच सर्वांना वाटले.

अंबरला तसे वाटले नाही. निजामशाही घराण्यातील एका राजपुत्राला त्याने परांड्याच्या किल्ल्यात गादीवर बसवले आणि आपली मुलगी त्याला दिली. राज्याची सूत्रे मात्र स्वतःच्या हाती ठेवली. वाटेत आडवा येणारा सरदार राजू दख्खनी याचा त्याने पाडाव केला. सत्तेच्या बाबतीत अंबर भोळा नव्हता, हेही तुम्ही ध्यानात ठेवा.

मोगलांकडे मोठी फौज, जड तोफा आणि भरपूर पैसा होता. समोरासमोर लढणे म्हणजे हरणे. म्हणून अंबरने हलक्या घोडदळाची लढाई केली. त्याच्या फौजेत मराठे स्वार हजारोंनी होते. ते डोंगरातून अचानक येत, रसद लुटत आणि दिसेनासे होत. यालाच आपण गनिमी कावा म्हणतो. शहाजीराजे आणि त्यांचे भाऊ शरीफजी हेही त्याच्या बाजूने लढले.

बादशहा जहांगीर इतका चिडला, की आपण अंबरच्या कापलेल्या मस्तकावर बाण सोडत आहोत, असे चित्र त्याच्या दरबारात काढले गेले. ते चित्र आज डब्लिन येथील संग्रहालयात आहे. खरी गोष्ट अशी, की अंबर जहांगिराच्या हाती कधीच लागला नाही. तलवारीने जे साधले नाही ते कुंचल्याने साधले, एवढेच!

आता त्याच्या दुसऱ्या कामाकडे वळू. मला स्वतःला तेच अधिक मोठे वाटते. १६१० मध्ये त्याने खडकी या लहानशा गावाच्या जागी नवे शहर वसवले. तेथील भडकल दरवाजा त्याचाच आहे. पण शहर म्हटले की पाणी हवे. खाम नदीचे पाणी पुरणार नव्हते. अंबरने उत्तरेकडील डोंगरपायथ्याचे, जमिनीत मुरलेले पाणी भुयारी मार्गाने शहरात आणले. हीच नहर-ए-अंबरी. उर्दूतील नहर तुम्हांला ठाऊकच आहे. हा शब्द मराठीतही चालतो. भुयाराला बेताचा उतार दिलेला होता. त्यामुळे मोट नको, बैल नको. पाणी आपोआप वाहत येई. साफसफाईसाठी ठिकठिकाणी उभी विवरे ठेवली होती. मातीच्या नळांतून ते पाणी शहरातल्या हौदांत पडत असे.

शेतकऱ्यांच्या साऱ्याचीही त्याने नीट व्यवस्था लावली. पूर्वी सारा वसूल करण्याचा मक्ता दिला जाई आणि मक्तेदार रयतेला नागवत. अंबरने मक्ते बंद केले. जमिनीचा कस आणि पीक पाहून सारा ठरू लागला. ही पद्धत 'मलिकअंबरी' म्हणून पुढेही बराच काळ ओळखली जाई.

१६१६ मध्ये रोशनगावच्या लढाईत अंबर हरला. मोगलांनी खडकीत शिरून शहर जाळले. ते पुन्हा उभे करताना तो जवळजवळ सत्तर वर्षांचा होता.

त्याची सर्वांत गाजलेली लढाई १६२४ मधली, अहमदनगरजवळच्या भातवडीची. या वेळी मोगल आणि विजापूरकर एकत्र आले होते. अंबरने भातवडीच्या तलावाचा बांध फोडला. सगळीकडे चिखल झाला, शत्रूचे घोडे आणि तोफा रुतल्या. रात्री-अपरात्री छापे घालून अंबरने शत्रूला हैराण केले आणि शेवटी धुळीला मिळवले. या लढाईत शरीफजी धारातीर्थी पडले. शहाजीराजांचे नाव मात्र दूरवर पोहोचले. पुढे शिवाजी महाराजांचे चरित्र 'शिवभारत' या काव्यात लिहिताना कवींद्र परमानंदांनी मलिक अंबरचा पराक्रम आदराने वर्णिला आहे.

१६२६ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात, अंबर मरण पावला. जहांगिराच्या दरबारातील इतिहासकारानेही तेव्हा त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची मनमोकळी स्तुती लिहिली.

अंबरचा मुलगा फत्तेखान याला बापाचे काम पेलले नाही. १६३३ मध्ये त्याने दौलताबादचा किल्ला मोगलांच्या हवाली केला. तेव्हा शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातील एका लहान मुलाला गादीवर बसवले आणि त्याच्या नावाने तीन वर्षे झुंज दिली. हा मार्ग त्यांनी कोणाकडे पाहिला होता, हे तुम्हांला आता सांगायला नको. १६३६ मध्ये निजामशाही संपली.

खडकीचे नावही बदलत गेले. फत्तेखानाने फतेहनगर म्हटले, औरंगजेबाने औरंगाबाद केले आणि २०२३ मध्ये ते छत्रपती संभाजीनगर झाले. नावे बदलली तरी नहरीचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या हौदांत पडत राहिले. कधी तिकडे गेलात, तर भडकल दरवाजा पाहा आणि जुन्या नहरीच्या खुणा शोधा. तेथून वेरूळच्या वाटेवर खुलदाबाद लागते. मलिक अंबरची कबर तेथेच आहे.