कोरोनात घराघरांत पोहोचलेल्या गुळवेलीची केईएमच्या लॅबमध्ये परीक्षा घेणाऱ्या डॉ. शरदिनी डहाणूकर

२०२० साल आठवतंय? इम्युनिटी वाढवण्याच्या नादात प्रत्येक घरात काढा उकळत होता आणि व्हॉट्सअॅपवर गुळवेलीचे फॉरवर्ड फिरत होते. टेमघर-भिवंडीकडे कडुनिंबावर, कुंपणावर सहज दिसणारी ही वेल अचानक स्टार झाली.

पण गुळवेल शरीरात नेमकं काय करते, हा प्रश्न मुंबईतल्या एका डॉक्टर बाईंनी त्याच्या कितीतरी वर्षं आधी विचारला होता. त्यांचं नाव डॉ. शरदिनी डहाणूकर.

मराठी वाचक त्यांना फुलाझाडांवर लिहिणाऱ्या लेखिका म्हणून ओळखतात. 'फुलवा', 'हिरवाई' ही त्यांचीच पुस्तकं. पण त्यांचा पेशा होता औषधशास्त्र. परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये आणि त्याला जोडलेल्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमध्ये त्या शिकवायच्या आणि संशोधन करायच्या. पुढे त्या नायर हॉस्पिटलच्या डीनही झाल्या.

त्या काळात अॅलोपॅथीचे बरेच डॉक्टर आयुर्वेदाकडे बघायचेही नाहीत, तर अनेक वैद्यांना ग्रंथात लिहिलंय म्हटल्यावर वेगळा पुरावा नको असायचा. डहाणूकरांनी मधली वाट धरली. ग्रंथातलं औषध घ्यायचं, पण नव्या औषधाला लावतात तीच कसोटी त्यालाही लावायची.

त्यांनी आणि डॉ. ऊर्मिला थत्ते यांनी गुळवेल, शतावरी, अश्वगंधा आणि कुटकी या वनस्पती प्रयोगातल्या प्राण्यांना दिल्या. १९८९ मध्ये छापून आलेल्या या कामात दिसलं की, प्राण्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढल्या. जंतू गिळून मारणाऱ्या भक्षक पेशी जास्त जोमाने काम करू लागल्या. त्याच वर्षी दोघींचं 'आयुर्वेद रीव्हिजिटेड' हे इंग्रजी पुस्तकही आलं.

पण उंदरावर चाललं म्हणून माणसावर चालेलच असं नाही. म्हणून गुळवेलीची पुढची परीक्षा हॉस्पिटलमध्ये झाली.

पित्ताची नळी तुंबली की एका प्रकारची कावीळ होते. अशा पेशंटची प्रतिकारशक्ती ढासळते. ऑपरेशन नीट झालं तरी रक्तात जंतुसंसर्ग पसरून जीव जाण्याची भीती असते. अशा ३० पेशंटचे दोन गट केले गेले. नेहमीचे उपचार दोन्ही गटांना मिळाले. एका गटाला त्यासोबत गुळवेल दिली गेली, तीही मोजून, म्हणजे वजनाच्या दर किलोमागे रोज १६ मिलिग्रॅम.

१९९३ मध्ये निकाल छापून आला. गुळवेल न घेतलेल्या गटात निम्म्या पेशंटमध्ये जंतुसंसर्ग रक्तात पसरल्याची लक्षणं दिसली, गुळवेल घेतलेल्यांत एकातही नाही. ऑपरेशननंतर वाचलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात ४० टक्के होतं, दुसऱ्यात ९२.४ टक्के. लिव्हरचं काम मात्र दोन्ही गटांत सारखंच होतं. फरक होता तो भक्षक पेशींच्या ताकदीत.

गुळवेलीतला कोणता घटक हे करतो? १९९९ मध्ये मुंबईच्याच भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी त्यातून अरॅबिनोगॅलॅक्टन नावाची एक गुंतागुंतीची शर्करा वेगळी काढली. प्रतिकारशक्तीच्या पेशींना जागं करण्याची क्षमता तिच्यात दिसली.

या पेशींचं काम फक्त जंतू मारण्याचं नाही. हाड मोडलं की त्या जागी आधी पोहोचणाऱ्यांत याच पेशी असतात. त्या मेलेला भाग साफ करतात आणि नवं हाड बनवणाऱ्या पेशींना इशारा देतात. म्हणूनच काही वनस्पतींचा हाड जुळण्याशी काय संबंध आहे, हेही शास्त्रज्ञ तपासतायत. आपल्याकडे मोडलेल्या हाडावर बांधतात त्या कांडवेलीवर बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. उडुपा आणि डॉ. प्रसाद यांनी १९६० च्या दशकातच प्राण्यांवर प्रयोग केले होते.

२००२ मध्ये डॉ. डहाणूकर गेल्या. त्यांच्या पुढाकारातून उभं राहिलेलं केईएमचं आयुर्वेद संशोधन केंद्र मागे राहिलं.

आणि २०२१ मध्ये गुळवेल पुन्हा बातम्यांत आली. कोरोनाकाळात गुळवेल घेतलेल्या सहा पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि जोरदार वाद झाला.

या वादात एक गोष्ट विसरायला नको. १९९३ च्या अभ्यासात पेशंट मोजके होते, आजार ठरलेला होता, डोस मोजलेला होता आणि डॉक्टर रोज बघत होते. त्यातून निरोगी माणसाने महिनोन्महिने काढा प्यावा, असा निष्कर्ष निघत नाही.

वेल तीच असली तरी कुणाला, किती आणि किती दिवस द्यायची, हे ठरल्याशिवाय तिचं औषध होत नाही. डहाणूकरांनी आयुष्यभर हेच तपासलं. पुढचा काढ्याचा फॉरवर्ड आला की पुढे ढकलण्याआधी हे तीन प्रश्न नक्की विचारा.