वसईचे गोन्सालो, नागासाकीचे हुतात्मे

सापगावच्या पुलाखालून वाहणारी भातसा पुढे काळू व उल्हास या नद्यांच्या प्रवाहात मिसळते आणि तिचे जल वसईच्या खाडीवाटे सागरास मिळते. खाडीच्या मुखाशी वसईचा किल्ला उभा आहे. त्याचे नाव निघताच चिमाजी आप्पांचा १७३९ मधील विजय आपणांस आठवतो. त्याआधीच्या पोर्तुगीज अमलात देवळांवर आलेले गंडांतरही आठवते. परंतु याच वसईत जन्मलेल्या एका पुरुषाने सातासमुद्रापलीकडे जाऊन आपल्या श्रद्धेसाठी देह ठेवला, हे मात्र फारसे कोणास ठाऊक नसते. ते संत गोन्सालो गार्सिया होत.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. त्यानंतर सुमारे दोन तपांनी, १५५६ च्या आसपास, गोन्सालोंचा जन्म झाला. पिता पोर्तुगीज, माता याच भूमीची. वसईच्या जेजुइट धर्मगुरूंपाशी त्यांचे शिक्षण झाले. त्या काळी ख्रिस्ती धर्मप्रसारकांचे डोळे पूर्वेकडे लागले होते. फ्रान्सिस झेवियर यांनी १५४९ मध्ये जपानच्या भूमीवर पाऊल ठेवले होते. त्याच मार्गाने, मिसरूडही न फुटलेल्या वयात, गोन्सालो जेजुइटांसमवेत जपानला गेले.

तेथे त्यांनी जपानी भाषा आत्मसात केली आणि सुमारे आठ वर्षे सामान्य जनांना धर्मशिक्षण दिले. जेजुइट संघात दीक्षा मिळावी, ही त्यांची एकच आस होती. ती सफल झाली नाही. ज्यांच्या सेवेत तारुण्य वेचले, त्यांच्याच दाराबाहेर उभे राहण्याची वेळ आली. चोखोबांची कथा ज्या घरांत भक्तिभावाने सांगितली जाते, त्या घरांना या दुःखाची जात वेगळी सांगावयास नको. मन विषण्ण झाले तरी श्रद्धा ढळली नाही. काही काळ त्यांनी व्यापार केला, त्यात जमही बसला. पण चित्त तेथे रमेना. अखेर फिलिपाइन्समधील मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाने त्यांना बंधू म्हणून आपलेसे केले. धर्मगुरूचे पद नव्हे, केवळ सेवकाचे व्रत. त्यांनी ते आनंदाने स्वीकारले.

१५९३ मध्ये फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नराने पेद्रो बाप्तिस्ता या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना जपानचा सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे वकील म्हणून धाडले. सोबत दुभाषा म्हणून गोन्सालो होते. हिदेयोशीने १५८७ मध्येच धर्मप्रसारकांना देश सोडण्याची आज्ञा केली होती. तरीही या मंडळींना क्योतो येथे राहण्याची अनुज्ञा मिळाली. तेथे त्यांनी प्रार्थनामंदिर उभारले आणि समाजाने टाकून दिलेल्या महारोग्यांसाठी रुग्णालय चालविले. परभाषेतला शब्द आणि रुग्णाची जखम, दोहोंची शुश्रूषा गोन्सालोंनी सारख्याच निष्ठेने केली.

तोच संकट ओढवले. १५९६ मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्यास लागले. त्यातील मौल्यवान माल जप्त झाला. त्या प्रसंगी जहाजाच्या सुकाणूधराने आपल्या राजाच्या बळाची प्रौढी मिरविली. आधी धर्मगुरू जातात, मागून सैन्य येते, असा तिचा आशय होता, असे सांगितले जाते. हिदेयोशीचा मूळचा संशय बळावला आणि क्योतो व ओसाका येथील फ्रान्सिस्कनांना व त्यांच्या अनुयायांना धरण्यात आले.

हा संशय अगदीच निराधार होता, असे वसईचा इतिहास जाणणारा मनुष्य कसे म्हणेल? तलवार आणि क्रूस एकाच गलबतातून उतरलेले आपल्या किनाऱ्याने पाहिले होते. परंतु शिक्षा भोगली ती तलवारधाऱ्यांनी नव्हे, तर हाती शस्त्र नसलेल्या, महारोग्यांच्या जखमा धुणाऱ्या सेवकांनी! धर्म राजसत्तेच्या सावलीत उभा राहिला, की तिच्या पापाचे माप निरपराध्यांच्या पदरात पडते, हेच या चरित्राचे मर्म होय.

बंदिवानांचे डावे कान छाटून त्यांची धिंड काढण्यात आली. भर हिवाळ्यात क्योतोहून दूर नागासाकीपर्यंत त्यांना नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रूसावर बांधून भाल्यांनी विंधण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जेजुइट आणि सतरा गृहस्थ अनुयायी होते. काही तर कोवळे बालक होते. ज्या जेजुइट संघाने गोन्सालोंना नाकारले, त्याच संघाचे तिघे त्यांच्या शेजारी त्याच मरणाने गेले. दाराच्या आतले आणि बाहेरचे हा भेद त्या टेकडीवर उरला नाही.

पोप आठवे अर्बन यांनी १६२७ मध्ये त्यांना धन्य घोषित केले, तर ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी या सव्वीस जणांना संतपद बहाल केले. भारतभूमीत जन्मलेले पहिले ख्रिस्ती संत हा मान अशा प्रकारे गोन्सालोंकडे जातो. २०१४ पासून वसई पालघर जिल्ह्यात गेली असली, तरी जुन्या ठाणे जिल्ह्याचे हे नाते तुटणारे नाही. वसईतील एक महाविद्यालय त्यांचे नाव धारण करून उभे आहे.

उपासनेचे मार्ग भिन्न असोत. पण मानाची अपेक्षा न ठेवता सेवा करणारा आणि भय न धरता मृत्यूला सामोरा जाणारा पुरुष आपल्या मातीत जन्मला, याचे स्मरण सणाच्या मंगल दिवशी करणे हेही पुण्यच होय.