आल्फाँस बेर्तियाँ

आल्फाँस बेर्तियाँ (एप्रिल १८५३ – १३ फेब्रुवारी १९१४) हे फ्रेंच पोलीस अधिकारी होते. शरीराच्या मोजमापांवरून व्यक्तीची ओळख पटविण्याची पद्धत त्यांनी सिद्ध केली. कानाच्या प्रतिमेवरून माणूस ओळखणाऱ्या आजच्या संगणकीय तंत्राचे मूळ त्यांच्या कार्यात आढळते.

जीवन

बेर्तियाँ यांचा जन्म पॅरिस येथे झाला. वडील लुई-आदोल्फ हे वैद्य व संख्याशास्त्रज्ञ होते. शाळेत आल्फाँस यांची प्रगती यथातथाच होती. १८७९ मध्ये ते पॅरिस पोलीस दलात कारकून झाले. गुन्हेगारांची वर्णने उतरवून काढणे हे त्यांचे काम. परंतु ही वर्णने इतकी मोघम असत, की नाव बदलून आलेला जुना गुन्हेगार ओळखू येत नसे.

उंची, डोक्याची लांबी-रुंदी, डावे पाऊल, उजवा कान अशी अकरा मापे घेऊन त्यांची लहान, मध्यम व मोठी अशी वर्गवारी त्यांनी केली. प्रथम ही सूचना फेटाळली गेली. पुढे तीन महिन्यांची मुदत मिळाली आणि फेब्रुवारी १८८३ मध्ये खोटे नाव सांगणारा पहिला गुन्हेगार मापांवरून ओळखला गेला. १८८४ मध्ये असे २४१ जण सापडले.

कान हा ओळखीचा सर्वांत भरवशाचा अवयव, असे त्यांचे मत होते. कानाची कडा, पाळी, घड्या यांची ठेवण प्रत्येकात निराळी असते आणि प्रौढपणी ती फारशी बदलत नाही. समोरून व बाजूने छायाचित्र घेण्याची त्यांनी घालून दिलेली रीत जगभर रूढ झाली. बाजूच्या छायाचित्रात उजवा कान उघडा दिसणे आवश्यक होते.

ड्रायफस प्रकरण

१८९४ मध्ये हस्ताक्षरशास्त्राचे जाणकार नसतानाही बेर्तियाँ यांनी कॅप्टन आल्फ्रेड ड्रायफस यांच्याविरुद्ध साक्ष दिली. निरपराध ड्रायफस यांना जन्मठेप झाली. पुढे प्वँकारे आदी गणितज्ञांनी ही मांडणी निराधार ठरविली व १९०६ मध्ये ड्रायफस निर्दोष सुटले. मापनातील त्यांच्या काटेकोरपणाशी ही साक्ष मुळीच जुळत नाही.

भारत व सोलापूर

बंगालमध्ये एडवर्ड हेन्री यांनी ही पद्धत काही काळ वापरली. मोजणाऱ्यागणिक मापे बदलत. त्यामुळे १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचा विभाग सुरू झाला. ठशांच्या वर्गीकरणात अझिझुल हक व हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता. १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने नोंद झालेल्यांचे ठसे घेण्याचा अधिकार प्रशासनाला दिला. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील सेटलमेंटमध्ये पारधी, कैकाडी आदी समाजांची कुटुंबे याच कायद्याखाली हजेरी देत. बेर्तियाँ यांची पद्धत पूर्वी पकडलेल्या व्यक्तीला ओळखण्यासाठी होती. येथे मात्र जन्म हाच नोंदीचा आधार झाला. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. शहरातील त्या भागाचे सेटलमेंट हे नाव मात्र टिकून आहे.

अखेरचा काळ

१९११ मध्ये मोनालिसा चोरीला गेली. चोराच्या अंगठ्याचा ठसा काचेवर मिळाला होता आणि तो चोर, विन्चेन्झो पेरुज्जा, पोलीस दप्तरात आधीच नोंदलेला होता. परंतु बेर्तियाँ यांचे दप्तर शरीराच्या मापांनुसार लावलेले असल्याने ठशावरून तो शोधता आला नाही. चित्र डिसेंबर १९१३ मध्ये इटलीत सापडले. त्यानंतर दोनच महिन्यांनी बेर्तियाँ यांचे पॅरिस येथे निधन झाले.