ज्याँ सिव्हियाल : चिरा न देता मुतखडा फोडणारे डॉक्टर

दुर्बिणीने मुतखडा फोडून त्याच दिवशी घरी जाणं आज अनेक रुग्णांना शक्य होतं. चिरा न देता, शरीराच्या नैसर्गिक वाटेनेच खड्यापर्यंत पोहोचण्याची पद्धत रुजवली ती ज्याँ सिव्हियाल या फ्रेंच डॉक्टरांनी.

सिव्हियाल यांचा जन्म १७९२ मध्ये फ्रान्सच्या डोंगराळ ओव्हेर्न्य प्रांतात झाला. वैद्यकीय शिक्षणासाठी ते पॅरिसला आले. तेव्हा मूत्राशयातला खडा काढायचा म्हणजे शरीर चिरावं लागे, तेही भूल न देता. अनेक रुग्ण त्यात दगावत.

खडा औषधाने आतच विरघळवता येईल का, हा सिव्हियाल यांचा पहिला विचार. तो साधला नाही. मग त्यांनी मूत्रमार्गातून आत सरकवता येईल असं नळीसारखं उपकरण बनवलं. त्याच्या तीन नख्या खडा पकडत आणि मधला दांडा गिरमिटासारखा फिरून तो पोखरत असे. चुरा लघवीवाटे बाहेर पडे. १८२४ मध्ये पॅरिसमध्ये त्यांनी ही शस्त्रक्रिया रुग्णावर यशस्वी केली. पुढे नेकेर रुग्णालयात त्यांनी अशा रुग्णांवर उपचार केले.

नवी पद्धत सुरक्षित आहे हे पटवायला त्यांनी आकडे जमवले. जुन्या शस्त्रक्रियेत शंभरातले १८-१९ रुग्ण दगावत, नव्या पद्धतीत सुमारे दोन. १८३५ मध्ये या आकड्यांवर पॅरिसच्या विज्ञान अकादमीत चर्चा झाली. तपासणी करणाऱ्यांत गणितज्ञ प्वासाँ होते. पण तुलनेत एक अडचण होती : दोन्हीकडचे रुग्ण सारखे नव्हते. खडा फार मोठा किंवा प्रकृती फार खालावलेली असेल, तर नवी पद्धत वापरता येत नसे.

सिव्हियाल १८६७ मध्ये वारले. त्यांना खडा डोळ्यांनी दिसत नसे, हाताच्या अंदाजानेच काम करावं लागे. आज बारीक दुर्बीण मूत्रवाहिनीपर्यंत जाते आणि लेझर खडा फोडतो. तरीही त्याच दिवशी घरी कोणाला पाठवायचं, हे रुग्ण पाहूनच ठरतं. लघवीत जंतुसंसर्ग नसावा, इतर आजार आटोक्यात असावेत, घरी सोबतीला कोणीतरी असावं. घरी गेल्यावर थंडी वाजून ताप आला, लघवी अडली किंवा वेदना थांबेनात, तर लगेच रुग्णालयात परतावं लागतं. निवडक रुग्णांमध्ये दिसलेली सुरक्षितता सरसकट सगळ्यांना लागू होत नाही, हा १८३५ मधला प्रश्न आजही तितकाच खरा आहे.